डहाणूतला नवरोज

पारशी-इराण्यांचे नवे वर्ष म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना ऑगस्टमधली पतेती आठवते. परंतु आमच्या डहाणू-तलासरी भागातील इराण्यांच्या घरी नवे वर्ष २१ मार्चला उजाडते. हा जमशेदी नवरोज. नवरोज म्हणजे नवा दिवस. अर्थ कळायला फारसी यायला नको. वसंतसंपाताला, म्हणजे दिवस आणि रात्र समान होतात तेव्हा, इराणात वर्ष पालटते. २०२५ साली तो क्षण आपल्या घड्याळाप्रमाणे २० मार्चला दुपारी अडीचच्या सुमारास आला. आपला पाडवा चंद्राबरोबर मागेपुढे होतो, नवरोज सूर्याला धरून राहतो. मग पतेती ऑगस्टात कशी? पारशांच्या शहेनशाही पंचांगात वर्षाचे दिवस नेमके ३६५. लीप वर्ष नाही. चार वर्षांना एक दिवस असे मागे सरकत त्यांचे नववर्ष भर पावसाळ्यात आले.

पारशी फार पूर्वी संजाणला उतरले. तलासरी तालुक्याची सीमा ओलांडली की गुजरातेत संजाण जवळच. पुढे संकट आले तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे बहरोटच्या डोंगरात लपवला, असे परंपरा सांगते. ती लेणी आपल्या डहाणू तालुक्यातच आहेत. इराणी मात्र अलीकडचे. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात ते यझ्द, केरमानकडून आले. तेथे झरतुष्ट्राच्या अनुयायांना जिझिया भरावा लागे. तो १८८२ मध्ये उठला, दारिद्र्य उठले नाही. मुंबई-पुण्यात त्यांनी चहाची दुकाने काढली, डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या केल्या.

सणाचे मुख्य अंग म्हणजे 'हफ्त-सीन'चे टेबल. फारसीतल्या 'सीन' अक्षराने, म्हणजे आपल्या 'स'ने, सुरू होणाऱ्या सात वस्तू त्यावर मांडतात: सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेरके म्हणजे शिरका, अशा. सब्जे म्हणजे ताटलीत रुजवलेले गहू. आपल्या घटस्थापनेच्या धान्यासारखे. सोबत आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी. माझ्या वर्गमित्राच्या घरी यंदा चिकूही मांडला होता. त्याची बपईजी रागावली, तेव्हा तो म्हणाला, "याचं इंग्रजी नाव सपोटा, म्हणजे सीनच की!" चिकू मूळचा मेक्सिकोकडचा, म्हणजे तोही परदेशीच, बपईजींनी तो राहू दिला.

पाहुणा आला की त्याच्यापुढे आरसा धरायचा आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडायचे, ही इराण्यांची जुनी रीत. मग गोड शेव, दही, फालुदा.

माझ्या आजाने हा सण चाळीस वर्षे पाहिला, पण ओट्याखालून. तो एका वाडीवर मजूर होता. नवरोजला सुट्टी नसे. उलट अंगण झाडणे, पाणी भरणे, तोरणाला फुले आणणे ही कामे वाढत. संध्याकाळी पळसाच्या पानावर शेव मिळे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीकडील झरी गावी आम्ही वारली लोकांनी वेठबिगार नाकारली. गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या. लढा ज्या जमीनदारांशी होता, त्यांत पारशी-इराणीही होते. "सणाच्या लेखात हे कशाला?" असे एकाने विचारले. माझे म्हणणे असे, की परक्या मुलखातला सण घरच्यांच्या आठवणीवर जसा टिकतो, तसा अंगण झाडणाऱ्या हातांवरही टिकतो. त्या हातांचा उल्लेख कोणी करीत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला, आणि ओटा चढून त्या टेबलाशी बसलेलाही पहिलाच. बपईजींनी माझ्यापुढेही आरसा धरला. घरी सांगितले तेव्हा आजाने एवढेच विचारले, "खुर्चीवर बसवला का?"

परदेशात सण कधी कधी मायदेशापेक्षा मोठा होतो. आयर्लंडच्या सेंट पॅट्रिकच्या दिवसाची न्यूयॉर्कमधली मिरवणूक १७६२ पासूनची. खुद्द आयर्लंडात त्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी १९०३ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे उलटे आहे. मित्राचे काका-मामा मुंबईला आणि परदेशी गेले. टेबलाशी यंदा पाच माणसे होती, त्यांत दोघे आम्ही मित्र.

तेराव्या दिवशी रुजवलेले गहू वाहत्या पाण्यात सोडायचे असतात. मार्च सरता सरता आमचे ओढे कोरडे पडतात. म्हणून मित्राने ती ताटली सायकलला बांधली आणि आम्ही दोघे डहाणूच्या समुद्रावर गेलो. ओहोटी होती, पाण्यापर्यंत बरेच चालावे लागले.