शीर चढत नाही, गादी निसटत नाही: हळुवार मालिशीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते आणि बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाते, तेव्हा बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील गावे वारकऱ्यांना जेवणपाण्याबरोबर आणखी एक सेवा देतात, ती म्हणजे पाय चेपून देण्याची. पालखी पुढे सरकली तरी हा व्यवहार थांबत नाही. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर मोळ्या वाहून आखडलेल्या पाठी चोळल्या जातात, बाळंतिणीच्या घरी न्हाऊ-माखू घालणारी बाई येते, आणि तालमीत कुस्ती संपली की पैलवानाचे अंग रगडले जाते. या सर्व स्पर्शांनी बरे वाटते, यात शंका नाही. शंका आहे ती बरे का वाटते याविषयी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या कारणांबद्दल, कारण चुकीच्या कारणावर विश्वास ठेवणारा माणूस योग्य उपचारही चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी करून घेतो.

पहिला आणि सर्वांत घट्ट रुजलेला समज असा, की जितके दुखेल तितका गुण. मालिश करणाऱ्याने अंगठा रुतवून डोळ्यांत पाणी आणले नाही, तर पैसे फुकट गेले असे मानणारे लोक पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती अशी, की माणसाच्या त्वचेत, विशेषतः लव असलेल्या त्वचेत, काही मज्जातंतू असे असतात की त्यांना जोराशी देणेघेणे नसते. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर वेगाने, म्हणजे आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते त्या सुमाराने, हलका हात फिरला की ते सर्वाधिक उत्तेजित होतात. या तंतूंना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. स्वीडनमधील संशोधकांनी जागत्या माणसाच्या मज्जातंतूत केसाएवढी बारीक सुई घालून त्यांचे संदेश टिपले आहेत. या तंतूंवर मेदाचे आवरण नसते, त्यामुळे त्यांचा संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या मंद गतीने जातो, आणि तो स्पर्शाची जागा व आकार ओळखणाऱ्या भागापेक्षा मेंदूतील इन्सुला या भागाकडे, जिथे शरीराच्या आतल्या अवस्थेची जाणीव घडते तिकडे, मुख्यतः पोचतो. तळहातांवर आणि तळपायांवर हे तंतू फारच थोडे असतात. म्हणून तळवा चोळण्याचे सुख आणि पोटरीवरून हात फिरण्याचे सुख ही शरीराच्या दृष्टीने दोन वेगळी सुखे आहेत. दाबाची जाणीव करून देणारे ग्राही निराळेच असून, त्यांच्यातील पिएझो नावाच्या प्रथिनांचा शोध लावल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना 2021 सालच्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

दुखऱ्या जागी हात फिरवल्यावर वेदना कमी का होते, याचे एक उत्तर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धांतात सापडते. त्यांच्या मते पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असते आणि स्पर्शाचे संदेश त्याच वाटेने आले की ते दार काही अंशी मिटते. पुढील संशोधनाने या सिद्धांताच्या तपशिलांत पुष्कळ दुरुस्त्या केल्या, तरी मूळ कल्पना टिकली. याचा अर्थ असा, की हळुवार हाताचा परिणाम प्रामुख्याने मज्जासंस्थेवर होतो. आतले काही जागचे हलवून पुन्हा जागेवर बसवल्यामुळे तो होत नाही. बहुतेक गैरसमज नेमके इथेच जन्मतात.

‘शीर शिरेवर चढली’, ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘बेंबी सरकली’ या तक्रारी बारामतीच्या बाजारपेठेत जितक्या सहज ऐकू येतात तितक्याच इंदापूरच्या एसटी स्थानकावरही ऐकू येतात. शीर शिरेवर चढत नाही. पायात गोळा येतो तेव्हा पोटरीचा स्नायू आपल्या इच्छेविना आवळला जातो आणि काही सेकंद ते काही मिनिटे तसाच राहतो. तो सोडवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे आणि चवडा हळूहळू स्वतःकडे ओढणे, म्हणजे स्नायूला ताण देणे. त्यानंतर हलक्या हाताने चोळले तर आराम वाटतो. गोळा आलेला असताना अंगठ्याने दाबून शीर उतरवण्याच्या खटपटीत मात्र स्नायूला मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी जागा निळी पडते.

गादी सरकण्याविषयीचा समज अधिक महागात पडतो. दोन मणक्यांमधील गादी म्हणजे कडेला चिवट तंतूंची कडी आणि मध्ये मऊ गर अशी रचना असून ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही, फुगते किंवा तिची कडा फाटून गर बाहेर येतो. बाहेर आलेला गर हाताने आत ढकलता येत नाही आणि बहुतेक वेळा तशी गरजही पडत नाही, कारण अनेक रुग्णांत तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप आक्रसतो. शिवाय एमआरआयच्या चित्रात दिसणारी गादीची झीज म्हणजेच दुखण्याचे कारण असेही नाही. पाठ मुळीच दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा 2015 साली प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा सांगतो, की विशीतील सुमारे 37 टक्के आणि ऐंशीतील सुमारे 96 टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसते. एमआरआयच्या कागदावरील ‘गॅप’ पाहून घाबरलेला शेतकरी जेव्हा मणका बसवून घ्यायला जातो, तेव्हा तो पुष्कळदा पिकल्या केसांसारख्याच गोष्टीवर इलाज मागत असतो.

उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत याच कुळातली. उसण म्हणजे कमरेच्या किंवा पाठीच्या स्नायूंचा अचानक बसलेला आवळा; बहुतांश माणसांत तो काही दिवसांत सैल पडू लागतो, आणि दुखणे शिगेला पोचले असतानाच माणूस पायाळूचा शोध घेत असल्यामुळे त्यानंतर येणारा उतार त्याच्या पायाच्या खात्यावर जमा होतो. पायाळूपणाचा त्यात काही वाटा नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते, की बरे वाटेल या अपेक्षेने आणि विश्वासाने घेतलेला हलका स्पर्श वेदना खरोखर काही काळ कमी करतो. फक्त ते श्रेय जन्माच्या प्रकाराला देण्याचे कारण नाही.

गेल्या काही वर्षांत काशाच्या वाटीने किंवा काशाची थाळी फिरवणाऱ्या यंत्राने तळपाय घासून घेण्याची पद्धत गावोगावच्या प्रदर्शनांत आणि दुकानांत पसरली आहे. तुपाचा किंवा तेलाचा हात लावून थाळी दहा-पंधरा मिनिटे फिरली, की तळवे काळे पडतात आणि हा काळा थर म्हणजे अंगातून निघालेली उष्णता किंवा विषारी द्रव्ये, असे सांगितले जाते. कासे हा तांबे आणि कथिल यांचा मिश्रधातू आहे. घर्षणाने त्याचे अतिसूक्ष्म कण सुटतात, ते तेलात आणि घामात मिसळतात, आणि धातूचे इतके बारीक कण काळेच दिसतात. त्याच थाळीवर तूप टाकून एखाद्या फडक्याने घासले तर फडकेही काळे पडते, आणि फडक्यात उष्णता साठलेली नसते. रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. तळव्याच्या कातडीतून ती ओढून काढणारी वाटी अजून घडलेली नाही. पादाभ्यंगाचे, म्हणजे पायांना तेल लावून चोळण्याचे, वर्णन चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. पाय चोळल्याने झोप लागते, रखरखीत त्वचा मऊ होते, हे लाभ काशाशिवायही मिळतात.

शिकलेल्या लोकांचा आवडता समज दुधाम्लाचा, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचा आहे. मैलोन्‌मैल चालल्यावर किंवा दिवसभर कोयता चालवल्यावर स्नायूत साचलेले हे आम्ल मालिशीने धुऊन निघते, असे व्यायामशाळांतही सांगितले जाते. वास्तविक कठोर श्रमानंतर वाढलेले लॅक्टेट सुमारे तासाभरात आपले आपण पूर्वपातळीवर येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारा अंगाचा ठणका स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे व त्यानंतरच्या दाहामुळे असतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून त्यांच्या एकाच मांडीला मालिश दिली आणि दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे तुकडे तपासले. मालिश झालेल्या स्नायूत दाहाचे काही संकेत कमी आढळले, लॅक्टेटमध्ये मात्र फरक दिसला नाही. प्रयोग छोटा आहे, हे ध्यानात ठेवूनही त्याची दिशा महत्त्वाची आहे.

तणाव वाढवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मालिशीने खूप उतरते, हा दावाही फुगवलेला आहे. 2011 सालच्या एका व्यापक आढाव्यात हा परिणाम नगण्य ठरला. चिंता आणि वेदना यांत मात्र माणसाला खरोखर उतार वाटतो. कंबरदुखीपुरते बोलायचे तर 25 चाचण्या आणि 3096 रुग्ण यांचा कॉक्रेन संस्थेचा 2015 सालचा आढावा असे सांगतो, की मालिशीने थोड्या काळापुरता फायदा होतो, तो टिकत नाही आणि पुराव्याचा दर्जाही कच्चा आहे. म्हणजे रात्रीची झोप मिळवून देणारा आणि सकाळी चालायला धीर देणारा उपाय म्हणून मालिश योग्य आहे. ‘सात बैठकांत कायमचा इलाज’ असे सांगून आगाऊ पैसे घेणाऱ्याकडून ती घेऊ नये.

तान्ह्या बाळाच्या मालिशीत मऊ हात ही खरी संपत्ती आहे. टिफनी फील्ड यांनी 1986 साली 40 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेल्या अभ्यासात दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे स्पर्शोपचार मिळालेल्या बाळांचे वजन इतरांपेक्षा 47 टक्के अधिक वेगाने वाढले. नंतरच्या आढाव्यांनी या निष्कर्षांचा जोर बराच कमी केला, तरी स्पर्शाचा उपयोग नाकारला नाही. त्याने हाडे मात्र बळकट होत नाहीत, नाक दाबून सरळ होत नाही आणि डोके चोळून गोल होत नाही. नाकात व कानात तेल सोडणे टाळलेच पाहिजे, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. तसेच नवजात बाळाच्या छातीतून येणारे दूध पिळून काढल्यास गळू होऊ शकते, आणि ते न पिळता आपोआप आटते.

सर्वांत गंभीर चुका, मालिश कुठे करू नये हे न कळल्याने होतात. कोपराला मार लागल्यावर तो चोळत राहिल्यास स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडू शकतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. केस कापून झाल्यावर झटका देऊन मान मोडून घेण्याच्या हौसेने मानेतील रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना गरम तेलाचा चटका कळत नाही, म्हणून वारीत असो वा घरी, अशा पायांना कोमट तेलच लावावे, ते आधी दुसऱ्याने स्वतःच्या मनगटावर पाहावे आणि बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का, हे तपासावे.

आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखू लागली, विशेषतः शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर आतल्या शिरेत रक्ताची गाठ असण्याचा संभव असतो, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा पायाला कोणाचाही हात लावू न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि त्यातच दम लागला किंवा छातीत दुखू लागले तर क्षणाचाही विलंब न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.