लसीकरण सेवा, सार्वजनिक
लसीकरण सेवा, सार्वजनिक : विशिष्ट संसर्गजन्य रोगांविरुद्ध प्रतिरक्षा निर्माण करणाऱ्या लशी बालके, गर्भवती स्त्रिया व अन्य प्रौढ यांना ठरलेल्या वेळी शासनामार्फत विनामूल्य देण्याची व्यवस्था. लस गुणकारी अवस्थेत, योग्य वयात व योग्य मात्रेत शरीरात पोहोचली, तरच तिचा उपयोग होतो. म्हणून या सेवेत लसनिर्मितीइतकेच महत्त्व साठवण, वाहतूक, नोंद आणि पाठपुरावा यांना आहे.

इतिहास : मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते. व्हॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव मिळाले. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे ही लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले व हाफकिन यांच्यावर ठपका आला. कुपी उघडताना गावातच लस दूषित झाली असावी, असे पुढे पुराव्यावरून दिसून आले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. लस शुद्ध असली, तरी ती टोचण्याच्या जागी हलगर्जीपणा झाल्यास घात होतो, हे या घटनेने दाखविले.

देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये व सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. पल्स पोलिओ मोहिमेस १९९५ मध्ये आरंभ झाला. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या बालपक्षाघाताचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

वेळापत्रक : जन्मतः बीसीजी, मुखावाटे पोलिओ व कावीळ-ब यांची लस देतात. ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात पंचगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब व हिब जंतू यांविरुद्धची) लस, पोलिओ आणि रोटा विषाणूची लस यांच्या मात्रा देतात. गोवर-रुबेला लशीची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असते. वर्धक मात्रा पुढे १६ वर्षांपर्यंत चालू राहतात.

शीत साखळी : बहुतेक लशी २° ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागतात. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे पूर्णा नदीवरील धरणाचे गाव आहे. या भागात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा गावातील बालकापर्यंत लस जाते ती राज्य, विभाग व जिल्हा येथील भांडारे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटी आणि शेवटी परिचारिकेची लसवाहक पेटी या क्रमाने. यांपैकी एक दुवा तुटला, तरी आधीचे सर्व श्रम वाया जातात. मुखावाटे दिली जाणारी पोलिओची लस उष्णतेने लवकर निकामी होते. उलट पंचगुणी लस गोठल्यास बिघडते. त्यामुळे बर्फाच्या पिशव्या शीतकपाटातून काढताच पेटीत न ठेवता, हलविल्यावर आतील पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवतात. कुपीवरील दर्शकातील चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला, तर ती कुपी वापरीत नाहीत. मात्र हा दर्शक गोठण्याची नोंद देत नाही. द्रावक मिसळून तयार केलेली बीसीजी किंवा गोवर-रुबेला लस ४ तासांनंतर टाकून देतात.

प्रौढांचे लसीकरण : गर्भवतीस धनुर्वात व घटसर्प यांची संयुक्त लस दिल्याने नवजात अर्भकासही धनुर्वातापासून संरक्षण मिळते. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन अलर्कविरोधी लशीच्या सर्व मात्रा वेळेवर घेणे आवश्यक असते, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. प्रौढांचे सर्वांत व्यापक लसीकरण कोविड-१९ साथीत, १६ जानेवारी २०२१ पासून झाले. त्यातील कोव्हिशील्ड ही लस पुण्याच्या सीरम संस्थेत तयार होत असे.

उणिवा : गोवराचा प्रसार रोखण्यास सुमारे ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. जिल्ह्याची सरासरी चांगली असली, तरी एखाद्या वस्तीत लस न मिळालेली मुले एकत्र राहत असतील, तर तेथे साथ उद्भवते. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराची अशी साथ येऊन बालके दगावली. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या मात्रा सहज चुकतात. ती गावच्या यादीत असतात, पण सत्राच्या दिवशी गावात नसतात. मात्रा राहून गेली, तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. उरलेल्या मात्रा पुढे देता येतात. यासाठी माता-बाल संरक्षण पत्र स्थलांतरात जवळ ठेवणे आणि साखर कारखान्यांच्या परिसरातील तळांवर लसीकरण सत्रे भरविणे, हे दोन उपाय विशेष महत्त्वाचे ठरतात.