शक्तिमान, पण सोबतीचा भुकेला

दिल्लीच्या आर. के. पुरममधील सरकारी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे सुट्टीत पाहुणे आले, की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि पुराना किल्ल्यालगतचे प्राणिसंग्रहालय हा बेत ठरलेलाच. तेथे मुलांना वाघ-सिंह दिसतात; गोरिला मात्र दिसत नाही. तो पाहायचा तर म्हैसूर गाठावे लागते. तेथील प्राणिसंग्रहालयात गोरिला आहेत.

१९३३ साली आलेल्या ‘किंगकाँग’ चित्रपटाने गोरिलाला राक्षस करून टाकले. प्रत्यक्षात मध्य आफ्रिकेच्या जंगलातील हा प्राणी पाला, कोवळे कोंब आणि फळे खाऊन राहतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दीडशे ते दोनशे किलो भरते, मादीचे साधारण त्याच्या निम्मे. नर ताठ उभा राहिला, तरी उंची माणसाएवढीच. हात मात्र पायांपेक्षा लांब. चालताना तो हाताची बोटे मुडपून त्यांच्या पेरांवर भार टाकतो. माणसांच्या बोटांचे ठसे जसे निरनिराळे, तशा प्रत्येक गोरिलाच्या नाकावरील सुरकुत्या निराळ्या. अभ्यासक त्यांवरूनच त्यांना ओळखतात.

छाती बडवणारा गोरिला चवताळलेलाच असतो असे नाही. किंचित पोकळ धरलेल्या तळव्यांचा हा आवाज दूरवर जातो आणि प्रतिस्पर्ध्याला अंदाज येतो. पुष्कळदा मारामारी त्यामुळेच टळते.

गोरिलाचा संसार सावकाश चालतो. मादी साडेआठ महिन्यांनी विते. पिलाचे वजन जेमतेम दोन किलो. आई त्याला तीन-चार वर्षे अंगावर पाजते, म्हणून पुढचे पिलू सुमारे चार वर्षांनीच होते. नर बारा-तेरा वर्षांचा झाला, की पाठीवरचे केस रुपेरी होऊ लागतात. असा रुपेरी पाठीचा नर म्हणजे कळपाचा कर्ता पुरुष.

जंगलात गोरिला ३५ ते ४० वर्षे जगतो. चोरटी शिकार आणि इबोलासारखे रोग अनेकांना तेवढेही जगू देत नाहीत. संग्रहालयात औषधपाणी मिळाल्याने काही जण पन्नाशी ओलांडतात. बर्लिनच्या फातू या मादीने तर २०२५ साली ६८ वर्षे पूर्ण केली. मात्र पिंजऱ्यातल्या नरांना माणसाप्रमाणेच हृदयविकार गाठतो.

पण नुसते दीर्घायुष्य पुरेसे आहे का? १९९५ साली डब्लिनहून म्हैसूरला आलेल्या पोलोची कहाणी चटका लावते. अखेरची अनेक वर्षे तो देशातला एकुलता एक गोरिला होता. त्याला जोडीदारीण मिळावी म्हणून खटपट झाली, पण ती मिळाली नाही. चाळिशी ओलांडून, २०१४ साली तो एकटाच गेला.

२०२१ साली जर्मनीहून थाबो आणि डेम्बा म्हैसूरला आले. दोघेही नर, त्यामुळे पिलांची आशा नाही. पण निदान त्यांना एकमेकांची सोबत आहे.