आधीच घेतलेले निर्णय

व्यापारात ज्याला बातमी आधी लागते तो जिंकतो, ही समजूत सर्व पेठांतून इतकी रूढ आहे की तिची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. हल्ली तर घडामोड घडताच तिचे आकडे पडद्यावर उमटावेत, त्यांचे पृथक्करण त्याच क्षणी व्हावे आणि त्यावरून पुढचा हुकूमही तेथल्या तेथे सुटावा, अशी सोय यंत्रांनी करून दिल्यामुळे या समजुतीस शास्त्राची प्रतिष्ठा लाभली आहे. परंतु मुंबईच्या व्यापारी इतिहासातील जी वाताहत सर्वांत अधिक गाजली, ती बातमी उशिरा आल्यामुळे झालेली नव्हती. १८६१ साली अमेरिकेत यादवी जुंपली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या जोरावर मुंबईत बँका, कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना भूछत्रांसारख्या उगवल्या, व त्यांच्या शेअरांचे भारी रकमांचे वायदे १ जुलै १८६५ या तारखेचे करण्यात आले. त्याच वर्षाच्या आरंभी इराणच्या आखातातून टाकलेल्या समुद्री तारेच्या योगाने हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला होता; एप्रिलात दक्षिणेचे जनरल ली शरण आले, कापसाचा भाव कोसळला, आणि ही वार्ता वायद्याच्या तारखेपूर्वीच पेढीपेढीवर पोहोचली. पोहोचली, पण उपयोग काय? सौद्याच्या कागदावर सही आधीच झालेली होती, आणि विकू पाहणाऱ्या प्रत्येकास जी बातमी ठाऊक होती ती घेऊ शकणाऱ्या प्रत्येकासही ठाऊक होती. प्रेमचंद रायचंदांसारखा धुरंधर त्यात बुडाला, बँक ऑफ बॉम्बेचा कारभार पुढे गुंडाळावा लागला, आणि प्रेमचंदांनी तेजीच्या काळात विद्यापीठास दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तेवढा त्या वैभवाची साक्ष देत राहिला.

तात्पर्य असे की, बातमी त्वरेने कळणे ही एक गोष्ट आणि ती कळल्यावर काय करावयाचे हे ठरलेले असणे ही अगदी निराळी गोष्ट. किंबहुना माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. तत्क्षणी घेतलेला निर्णय म्हणून आज ज्याचा गौरव होतो, तो वस्तुतः तत्क्षणी घेतलेलाच नसतो. तो कोणीतरी आधी, सावकाशीने, पुष्कळ खल करून घेतलेला असतो. क्षणार्धात होते ती केवळ त्याची अंमलबजावणी. या विधानास आधार म्हणून मी जे पहिले उदाहरण देणार आहे, ते आश्चर्य वाटेल, पण चहाच्या दुकानांचे आहे.

लंडनमधील जे. लायन्स आणि कंपनी ही चहा, पाव व केक यांचा व्यापार करणारी पेढी. तिचे पहिले टी-शॉप १८९४ साली पिकॅडिली रस्त्यावर निघाले, आणि पुढे अशी दुकाने सर्व शहरभर पसरली. या धंद्याचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक बिल काही पेन्सांचे, त्यावरील नफा त्याहूनही क्षुल्लक, परंतु बिले मात्र अगणित. त्यामुळे हिशेब ठेवणाऱ्या कारकुनांचा खर्च हाताबाहेर गेला तर नफाच नाहीसा व्हावयाचा. कंपनीच्या दफ्तराचे प्रमुख जॉन सिमन्स हे केंब्रिजचे गणिती. हिशेबनीसाने झालेल्या व्यवहाराची केवळ नोंद न ठेवता मालकास पुढील व्यवहाराची दृष्टी द्यावी, असा त्यांचा ध्यास होता. १९४७ साली त्यांचे दोन सहकारी, थॉम्पसन व स्टँडिंगफोर्ड, कचेरीकामाच्या नव्या पद्धती पाहण्यासाठी अमेरिकेस गेले. संगणकयंत्राविषयी जे ऐकावयाचे ते त्यांनी तेथे ऐकलेच. पण असेच यंत्र त्यांच्या घराजवळ, केंब्रिज विद्यापीठात बांधले जात आहे, ही माहितीही त्यांना तेथेच मिळाली. लायन्सने त्या विद्यापीठास तीन हजार पौंड व एक मदतनीस दिला, त्याच्या मोबदल्यात ज्ञान घेतले, आणि जॉन पिंकर्टन या अभियंत्याकरवी स्वतःचा ‘लिओ’ नावाचा संगणक बांधला. सुमारे सहा हजार निर्वात नलिका, आणि स्मरणासाठी पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या! नोव्हेंबर १९५१ मध्ये या यंत्रावर बेकरीतील मालाचे मूल्य काढण्याचे काम नियमितपणे सुरू झाले. धंद्याच्या नित्य कामास जुंपलेला जगातील पहिला संगणक असा पाव-केकांच्या हिशेबास लागला, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासाकडे केवळ युद्ध आणि विज्ञान यांच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा प्रसंग १९५४ सालचा. दीडशेच्या सुमारास असलेल्या दुकानांना उद्या कोणता जिन्नस किती पाठवावयाचा, हे आदल्या दिवशी दुपारी ठरवून रात्री तो भाजावयाचा व पहाटे गाड्यांत भरावयाचा असे. हे काम लिओकडे सोपवताना लायन्समधील डेव्हिड कॅमिनर व त्यांच्या मंडळींनी यंत्राच्या वेगावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी प्रथम कामाचीच फेरमांडणी केली. प्रत्येक दुकानाची आठवड्यातील प्रत्येक वारासाठी एक कायम मागणी ठरवून यंत्रात नोंदवून ठेवण्यात आली. दुपारी मुख्य कचेरीतून दुकानाच्या व्यवस्थापिकेस दूरध्वनी जाई, आणि त्या बाईंनी फक्त बदल तेवढे सांगावयाचे: उद्या पाऊस दिसतो, अमुक कमी करा, शेजारी मेळावा आहे, तमुक वाढवा. ऐकणारी मुलगी कानाला हेडफोन लावून ऐकता ऐकताच कार्डांना छिद्रे पाडी, ती कार्डे यंत्रात जात, आणि बेकरीने किती भाजावे, कोणत्या दुकानाच्या पेटीत काय भरावे व त्याची किंमत किती, याच्या याद्या बाहेर पडत. यात बुद्धीचा भाग कोठे आहे ते पाहा. नेहमीचे काय, हे निवांतपणी ठरवून ठेवलेले होते. म्हणून असाधारण तेवढ्याकडेच लक्ष देण्यास व्यवस्थापिका मोकळी राहिली, आणि पावसाचा रंग पाहून ‘कमी करा’ म्हणण्याचा तिचा अधिकार अबाधित राहिला. आजच्या कोणत्याही मोबाइल फोनपुढे ज्याची शक्ती नगण्य ठरेल अशा यंत्राने हे काम निभावले, याचे श्रेय यंत्राहून अधिक त्या मांडणीस आहे.

दुसरे उदाहरण जपानचे. तोशिफुमी सुझुकी या गृहस्थांनी अमेरिकेतील ‘सेव्हन-इलेव्हन’ या दुकानांच्या साखळीचा परवाना आपल्या कंपनीकरवी मिळवून टोकियोतील तोयोसु भागात मे १९७४ मध्ये पहिले दुकान काढले. दुकान लहान, शेजारी मालाचे कोठार नाही, आणि भाताचे वळलेले मुटके किंवा जेवणाचे डबे यांसारखा नाशवंत माल दिवसातून तीन वेळा यावयाचा. अशा दुकानात जागेचा प्रत्येक हात मोलाचा. १९८२ पासून सुझुकींनी गल्ल्यावर प्रत्येक विक्रीची जिन्नसवार व वेळवार नोंद करणारी यंत्रे बसवली. अमेरिकेत अशा यंत्रांचा मुख्य उपयोग गल्ल्यावरील चुका व चोऱ्या रोखण्याकडे होत असे. सुझुकींनी तीच यंत्रे उद्याची मागणी ठरवण्याच्या कामी लावली.

मात्र येथेही एक बारकावा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. गल्ल्यावरचे आकडे काल काय खपले एवढेच सांगतात. उद्या काय खपेल हे ते सांगत नाहीत, असे सुझुकी वारंवार बजावीत. शिवाय त्या आकड्यांत एक मोठी पोकळी असते. दहा डबे ठेवले आणि दहाही गेले, तर नोंद दहाचीच होणार. सकाळी अकरालाच ते संपले आणि त्यानंतर आलेले वीस गिऱ्हाईक हात हलवीत परतले, हे विक्रीच्या वहीत कोठेही उमटत नाही. जे घडलेच नाही त्याचा आकडा कोठून असणार? म्हणून दुकानातील नोकरांनी, अगदी अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी व गृहिणींनीसुद्धा, हवामान, आसपासचे समारंभ, शाळांच्या सुट्या हे सारे पाहून प्रथम अनुमान बांधावे, त्यानुसार मागणी नोंदवावी, आणि मग गल्ल्यावरील आकड्यांनी त्या अनुमानाची शहानिशा करावी, असा दंडक त्यांनी घालून दिला. ते सांगत तो दाखला असा: समुद्रकिनाऱ्यावरील एका दुकानाच्या माणसाने विचार केला की, उद्या सुटी आहे, ऊन कडक पडणार, गळ घेऊन मासे धरणाऱ्यांची गर्दी होणार, आणि उन्हात लवकर न नासणारा म्हणून ते खारवलेल्या आलुबुखाऱ्याचा मुटका पसंत करतील, तेव्हा तो जास्त मागवून दर्शनी ठेवावा. दिवस मावळल्यावर आकडे पाहिले की अनुमान खरे होते की खोटे, हे कळते. प्रश्न माणसाचा, उत्तर यंत्राचे, अशी ही वाटणी आहे. या पद्धतीचे फळ इतके घसघशीत होते की १९९१ साली, मूळची अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत निघाली असता, तिच्या जपानी परवानाधारकांनीच तिचे बहुसंख्य भाग विकत घेतले. भारतात या साखळीचे पहिले दुकान ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या अंधेरीत उघडले.

आता वर्तमानकाळ. लायन्सच्या बाईंना दूरध्वनी येईपर्यंत दुपार होई. सुझुकींच्या नोकरास विचार करण्यास काही तास मिळत. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केलेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या प्रथमच एक हजार कोटींवर गेली. भागाकार केला तर दर सेकंदास सरासरी साडेतीन हजारांहून अधिक व्यवहार पडतात. यांतील एखादा लबाडीचा आहे काय, हे पाहण्यास माणूस बसवणे सर्वथा अशक्य. पूर्वी दिवसभराचे व्यवहार कोठारात साठवून रात्री त्यांचा हिशेब करीत. आता व्यवहार वाहत असतानाच त्यांची तपासणी करणारी सॉफ्टवेअरे निघाली आहेत. (त्यांपैकी लिंक्डइन कंपनीत जन्मलेल्या व २०११ साली सर्वांस खुल्या झालेल्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे नाव ‘काफ्का’ असे असून, ते त्या कादंबरीकाराच्याच नावावरून ठेवलेले आहे. कचेऱ्यांच्या चक्रव्यूहात हरवलेल्या माणसांची चित्रे काढणाऱ्या लेखकाचे नाव अशा यंत्रणेस द्यावे, यातील गंमत रसिकांस सांगावयास नको.) रक्कम, वेळ, ठिकाण, फोन, त्या खातेदाराची आजवरची रीत अशा अनेक खुणांवरून अशी यंत्रणा पापणी लवण्याच्या आत व्यवहारास संशयाचे गुण देते, आणि ते ठराविक मर्यादेपलीकडे गेले की व्यवहार अडवते.

पण ही मर्यादा कोणी ठरवली? ती खाली आणली तर अधिक चोर सापडतील, पण त्यांच्याबरोबर अधिक सज्जनही दारात अडतील. वर नेली तर सज्जन सुखी, आणि चोरही. किती सज्जनांचा खोळंबा म्हणजे एका चोराची किंमत, हा हिशेब संगणकाचा नाही. तो कोठल्यातरी बैठकीत, चहा घेत, माणसांनी केलेला असतो. परगावी रात्री औषधाच्या दुकानात माझे कार्ड नाकारले गेले तेव्हा बँकेच्या नोकराने दुसऱ्या दिवशी मला ‘सिस्टिमने थांबवले’ एवढेच उत्तर दिले. हे उत्तर मी मान्य करीत नाही. सिस्टिमने हुकूम बजावला. हुकूम काढणारा निराळा होता, आणि त्याचे नाव विचारण्याचा गिऱ्हाइकास हक्क असला पाहिजे.

हुकूम काढणाराच जागेवर नसेल तर काय होते, याचा दाखला १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत मिळाला. नाइट कॅपिटल ही शेअरबाजारात प्रचंड उलाढाल करणारी पेढी. त्या दिवसापासून न्यूयॉर्कच्या बाजारात एक नवी योजना सुरू व्हावयाची होती, आणि तिच्यासाठी पेढीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवे सॉफ्टवेअर घातले. वस्तुतः सातांवरच घातले, आठवा राहून गेला. त्यावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना आज्ञासंच तसाच पडून होता. बाजार उघडताच नव्या योजनेच्या मागण्यांवरील खुणेने तो जुना आज्ञासंच जागा झाला, आणि २१२ लहान मागण्या पुऱ्या करण्याच्या नादात त्याने पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअरांचे चाळीस लाख सौदे केले. पेढीचे नुकसान ४६ कोटी डॉलरांहून अधिक झाले. गोंधळलेल्या तंत्रज्ञांनी उपाय म्हणून उरलेल्या सात सर्व्हरांवरून नवे सॉफ्टवेअर काढून टाकले, त्यामुळे तेथेही जुना आज्ञासंच जागा झाला आणि आगीत तेल पडले.

यात सर्वांत बोलका तपशील निराळाच आहे. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी, सकाळी आठच्या सुमारापासून, पेढीच्या यंत्रणेने याच दोषाचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल आपल्याच कर्मचाऱ्यांस आपोआप पाठवले होते. माहिती होती, वेळेवर होती, योग्य दफ्तरात दाखल झालेली होती. ती आली असता कोणी काय करावयाचे, एवढेच कोणी ठरवून ठेवलेले नव्हते, आणि म्हणून ती कोणी वाचली नाही. पेढी काही दिवसांत चाळीस कोटी डॉलरांच्या उसन्या आधारावर कशीबशी उभी राहिली, आणि पुढील वर्षी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये तिजवर एक कोटी वीस लाख डॉलर दंड बसवला. बाजारात थेट सौदे पाठवणाऱ्या पेढ्यांनी धोक्यास आळा घालण्याची व्यवस्था ठेवलीच पाहिजे, या २०१० सालच्या नियमाखालील ती पहिली कारवाई होय. आणि आयोगाने नाइटवर ठेवलेल्या ठपक्यांत एक हाही होता की, ही व्यवस्था नियमास धरून आहे असा जो दाखला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने दरवर्षी द्यावयाचा असतो, त्यात तसे विधानच नव्हते.