पेढीच्या तीन पायऱ्या

आमच्या कापडाच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. पावसाचे पाणी गाठींपर्यंत पोहोचू नये म्हणून आजोबांनी जोते उंच बांधले. बालपणी पोलिओ झालेले एक गृहस्थ दर दिवाळीला कुबड्यांवर येत. ते खाली थांबत, नोकर तागे रस्त्यावर नेऊन दाखवी. खुर्ची देत असू, चहाही देत असू. त्यालाच आम्ही सौजन्य मानले. गेल्या वर्षी त्यांची कन्या सहज म्हणाली, “काका, बाबांना तुमचं दुकान आतून कसं आहे ते ठाऊकच नाही.”

त्या रात्री मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रथमच वाचला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. आता एकवीस आहेत. हे सारे सरकारी कचेऱ्यांसाठी असावे, अशी माझी समजूत होती. परंतु ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत कंपनी, भागीदारी पेढी, सहकारी संस्था, न्यास, कारखाना असे सर्व येतात. ‘सार्वजनिक इमारती’त व्यापारी आणि धार्मिक वापराच्या खासगी वास्तूही येतात. म्हणजे दुकान सुटत नाही, धर्मशाळाही नाही. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्येच संपली. उल्लंघनास प्रथम दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. समान संधी धोरण जाहीर करणे प्रत्येक आस्थापनेस बंधनकारक असून, वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारसवजा ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत ठरवले आणि सक्तीची मानके करण्यास केंद्राला सांगितले.

जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून असंख्य लोकांना कृत्रिम पाय दिले. आपल्यापैकी अनेक घरे अशा कार्यास श्रद्धेने देणगी देतात. त्या पायांनी चालत कोणी आपल्याच दाराशी आला तर, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

हिशेब सोपा नाही. मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक इंच उंचीस बारा इंच लांबीचा उतार हवा. आमच्या पायऱ्या सहा-सहा इंचांच्या. म्हणजे अठरा फूट उतार! समोर पदपथ आहे, तो अडवणे हाही अपराधच. अखेर मागच्या बोळातील गोदामाचे दार सापडले. तेथे एकच पायरी आहे, सहा फुटांत काम होते. पण ग्राहकाला पोत्यांच्या अंधारातून आत आणणे म्हणजे पुन्हा तोच अवमान. म्हणून गाठी हलवून, दिवे लावून ती वाट सर्वांसाठीच खुली करीत आहोत.

गवंडी माप घ्यायला आला, तेव्हा त्या गृहस्थांनाही बोलावले. त्याने आखलेला नकाशा त्यांनी निरखून पाहिला. कठडा एकाच बाजूला दाखवला होता. “उतरताना मी दुसऱ्या हाताने काय धरू?” त्यांनी विचारले. गवंड्याने पेन्सिल काढली आणि दुसरी रेघ ओढली.