अंडरस्कोर एक की दोन?
नाती साठवणारा डेटाबेस : भाग ९

आज बॅकअपवर लिहायचं ठरलं होतं. डम्प कसा काढायचा, तो दुसऱ्या कंटेनरमध्ये कसा भरायचा, हे सगळं आता पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलं. त्यातला प्रश्न दोन ओळींत उत्तर देऊन संपवावा असा नाही, आणि त्याच्या मुळाशी जो विषय आहे त्यावर एक अख्खा भाग लिहावा असं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं.

प्रश्न असा. गेल्या भागातली कम्पोज फाइल त्यांच्या लॅपटॉपवर नीट चालली. तेच निओफोरजे, म्हणजे या मालिकेतला आपला डेटाबेस, त्यांनी ऑफिसच्या कुबर्नेटिसवर चढवलं. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या दिवशी पॉड नव्याने उभा राहिला आणि सर्व्हर सुरूच होईना. लॉग उघडला तर त्यात तक्रार: 'सर्व्हिस.होस्ट' नावाचं सेटिंग ओळखीचं नाही. त्यांचं म्हणणं, "असं सेटिंग मी कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेलं नाही. मग ते आलं कुठून?"

ते अंडरस्कोरमधून आलं. कसं, ते समजण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

निओफोरजेची स्वतःची एक कॉन्फिगरेशन फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक सेटिंगचं नाव टिंबं देऊन लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, जावाच्या हीपची कमाल मर्यादा ठरवणारं सेटिंग: सर्व्हर.मेमरी.हीप.मॅक्स_साइज. (इथे देवनागरीत छापतो आहे, फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं, तीही छोटी.) टिंब आलं की आपण एक पायरी आत उतरलो. अंडरस्कोर मात्र पायरी बदलत नाही, तो एकाच पायरीवरच्या दोन शब्दांना जोडतो. 'मॅक्स' आणि 'साइज' मिळून एकच नाव. दोन चिन्हं, दोन वेगळी कामं.

कंटेनरमध्ये मात्र ही फाइल हाताने बदलायला कुणी जात नाही. इमेज सगळीकडे एकच ठेवायची आणि जागेप्रमाणे जे बदलतं ते बाहेरून, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगायचं, अशी रीत आहे. हेरोकूच्या मंडळींनी २०११च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या नावाने जे बारा नियम मांडले, त्यांतला तिसरा हाच. २०१३मध्ये डॉकर आलं आणि ही रीत सर्वांच्या अंगवळणी पडली.

आता अडचण बघा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेली सोय. शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर चालतात, आणि नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही. टिंब चालत नाही. म्हणजे निओफोरजेच्या नावांतली टिंबं शेलच्या दारातून आत येऊच शकत नाहीत. टिंबाच्या जागी अंडरस्कोर लिहावा, तर अंडरस्कोर नावात आधीपासूनच आहे. मग कुठला अंडरस्कोर खरा आणि कुठला टिंबाच्या बदल्यात आलेला, हे कसं ओळखायचं?

निओफोरजेच्या अधिकृत इमेजने यावर काढलेला तोडगा मला मनापासून आवडतो. नियम तीन. नावाच्या आधी 'निओफोरजे_' हे मोठ्या अक्षरांतलं उपपद लावा. टिंबाच्या जागी एक अंडरस्कोर लिहा. मुळात जिथे अंडरस्कोर आहे तिथे दोन लिहा. म्हणजे वरचं नाव असं होतं: निओफोरजे_सर्व्हर_मेमरी_हीप_मॅक्स__साइज.

कंटेनर सुरू होताना इमेजमधली एक शेल स्क्रिप्ट आधी चालते. 'निओफोरजे_'ने सुरू होणारे सगळे व्हेरिएबल ती गोळा करते, उपपद काढून टाकते, आणि मग दोन पावलांत नाव मूळ रूपात आणते. पहिल्या पावलात सगळे अंडरस्कोर टिंबं होतात: सर्व्हर.मेमरी.हीप.मॅक्स..साइज. दुसऱ्या पावलात जिथे दोन टिंबं लागून आली तिथे एक अंडरस्कोर बसतो: सर्व्हर.मेमरी.हीप.मॅक्स_साइज. स्क्रिप्टजवळ सेटिंगांची कुठलीही यादी नाही. उद्या निओफोरजेने नवं सेटिंग आणलं तरी या स्क्रिप्टला हात लावावा लागणार नाही. एवढ्या थोड्या ओळींत इतकं काम करणारा कोड वाचताना समाधान वाटतं.

इतरांनी हाच प्रश्न कसा सोडवला, तेही पाहण्यासारखं आहे. जेनसग्राफच्या इमेजमध्ये टिंबं असलेलं नाव तसंच्या तसं देता येतं, इलास्टिकसर्चच्याही. डॉकरला स्वतःला टिंबाचं वावडं नाही, अडवतो तो शेल. कॉन्फ्लुएंटच्या काफ्का इमेजमध्ये टिंबाला एक अंडरस्कोर, जोडरेषेला दोन आणि खऱ्या अंडरस्कोरला तीन. तीन अंडरस्कोर डोळ्यांनी मोजायचे म्हणजे शिक्षाच. या सगळ्यांत निओफोरजेचा मार्ग मला मधला आणि शहाणपणाचा वाटतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते.

पहिला सापळा शेजारशेजारच्या दोन ओळींत असतो. स्मृतीची दोन मुख्य सेटिंगं सगळे एकाखाली एक लिहितात. एक हीपचं: सर्व्हर.मेमरी.हीप.मॅक्स_साइज. दुसरं पेज कॅशचं, म्हणजे डिस्कवरचा आलेख स्मृतीत धरून ठेवणाऱ्या जागेचं: सर्व्हर.मेमरी.पेजकॅश.साइज. पहिल्यात 'साइज'च्या आधी अंडरस्कोर आहे, दुसऱ्यात टिंब. म्हणून व्हेरिएबलमध्ये पहिल्याला दोन अंडरस्कोर लागतात आणि दुसऱ्याला एक. एक ओळ लिहून तिचीच नक्कल खाली उतरवणारा माणूस इथे हमखास फसतो. पेज कॅशचं नाव चुकणं तर विशेष महागात पडतं. तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर इमेज स्वतःहून पेज कॅश ५१२ एमबीचा ठेवते. यंत्रात कितीही स्मृती असो, आलेख मोठा असला की सर्व्हर पुन्हापुन्हा डिस्ककडे धाव घेतो.

दुसरा सापळा अक्षरांचा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत लिहायची सवय सगळ्यांच्या हातात मुरलेली असते. इथे उपपद मोठ्या अक्षरांत, पण पुढचं सगळं मुळात जसं आहे तसं, छोट्या अक्षरांत. संपूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंत, तर निओफोरजेच्या दृष्टीने ते सेटिंग अस्तित्वातच नाही. गोंधळ वाढतो तो 'निओफोरजे_ऑथ' आणि 'निओफोरजे_प्लगइन्स' यांच्यामुळे. ती दोन्ही नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत असतात, कारण ती सर्व्हरची सेटिंगं नव्हेतच. ती स्क्रिप्टसाठीच्या सूचना आहेत, आणि अशा नावांची एक छोटी यादी स्क्रिप्ट बाजूला ठेवते.

तिसरा सापळा आवृत्तीचा. २०२२मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत बऱ्याच सेटिंगांची नावं बदलली. हीप आणि पेज कॅश आधी 'डीबीएमएस.मेमरी'खाली होते, ते 'सर्व्हर.मेमरी'खाली गेले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्याच आवृत्तीत बदलली. चौथ्या आवृत्तीत अनोळखी सेटिंग दिसलं तर सर्व्हर लॉगमध्ये एक इशारा लिहून पुढे निघून जायचा. पाचव्यापासून तो सुरू व्हायलाच नकार देतो. याला काटेकोर तपासणी म्हणतात. ती बंद करण्याचं सेटिंगही आहे, आणि इंटरनेटवर भेटणारा पहिला सल्ला बहुतेक तोच असतो: ती बंद करा.

माझं कळकळीचं सांगणं आहे, ती बंद करू नका. चौथ्या आवृत्तीवर चाललेला एक सर्व्हर मी पाहिला होता. कुणाचा ते सांगत नाही. कम्पोज फाइलमध्ये हीपची मोठी मर्यादा लिहिलेली होती, पण 'मॅक्स' आणि 'साइज'च्या मध्ये एकच अंडरस्कोर. सर्व्हरने ती ओळ कधी मानलीच नव्हती. जड क्वेरी आली की स्मृती संपायची, आणि दर वेळी फाइलमधला आकडा वाढवला जायचा. लॉगमधला इशारा कुणी वाचला नव्हता. फाइलमध्ये लिहिलेलं आणि सर्व्हरने मानलेलं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. जो सर्व्हर अशा वेळी सुरूच होत नाही, तो आपला वेळ वाचवतो.

आता नाशिकच्या पत्राकडे वळू. लॉगमधलं ते अनोळखी नाव मोठ्या अक्षरांत होतं. निओफोरजेची सेटिंगं छोट्या अक्षरांत असतात, म्हणजे हे नाव त्याच्या शब्दसंग्रहातलं नाही, ही पहिली खूण. आता त्याला उलट्या दिशेने चालवा. टिंबाच्या जागी अंडरस्कोर घाला, नावाच्या आधी उपपद लावा: निओफोरजे_सर्व्हिस_होस्ट. कुबर्नेटिसवर काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. एखाद्या नेमस्पेसमध्ये सर्व्हिस असली, की तिथल्या पॉडमध्ये सुरू होणाऱ्या कंटेनरांना कुबर्नेटिस तिचा पत्ता आणि पोर्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून आपणहून देतं. सर्व्हिसचं नाव मोठ्या अक्षरांत करायचं, जोडरेषेचा अंडरस्कोर करायचा, आणि पुढे 'सर्व्हिस_होस्ट', 'सर्व्हिस_पोर्ट', 'पोर्ट_७६८७_टीसीपी_ॲड्र' अशी शेपटं जोडायची. डॉकरमध्ये कंटेनर एकमेकांना 'लिंक' करण्याची एक जुनी पद्धत होती. तिच्याशी जुळावं म्हणून यांतल्या काही नावांची घडण अशी ठेवली गेली.

आमच्या वाचकाने सर्व्हिसचं नाव ठेवलं होतं 'निओफोरजे'. दुसरं कोण काय ठेवणार! आपल्याच सर्व्हिसचे हे व्हेरिएबल आपल्याच कंटेनरमध्ये शिरले, स्क्रिप्टने ते प्रामाणिकपणे उचलले, त्यांची टिंबं केली आणि कॉन्फिगरेशनमध्ये लिहून टाकली. काटेकोर तपासणीने सर्व्हर तिथेच थांबवला. सगळ्यांनी आपापलं काम बरोबर केलं, आणि तरी सर्व्हर बंद.

मग पहिल्या दिवशी कसं चाललं? व्हेरिएबल मिळतात ते कंटेनर सुरू होताना आधीपासून असलेल्या सर्व्हिसचेच. पहिल्या दिवशी त्यांनी आधी पॉड उभा केला आणि मग सर्व्हिस. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस आधीपासून हजर होती. लॅपटॉपवर हा प्रकार नाही, कारण आजचं कम्पोज असे व्हेरिएबल पेरत नाही. आणि ज्यांनी हेडलेस सर्व्हिस वापरली, त्यांच्याकडेही हे घडत नाही, कारण तिला स्वतःचा क्लस्टर आयपी नसतो आणि तिचे असे व्हेरिएबल तयारच होत नाहीत. एकाच्या यंत्रावर अडतं आणि दुसऱ्याच्या चालतं, त्याचं कारण हे.

उपाय दोन. पॉडच्या व्याख्येत 'इनेबल सर्व्हिस लिंक्स' ही ओळ 'फॉल्स' करा, कुबर्नेटिसच्या १.१३ आवृत्तीपासून ही सोय आहे. त्यात तोटा काही नाही, सर्व्हिस शोधायला डीएनएस आहेच. किंवा सर्व्हिसचं नाव बदला. पण बदलताना जपा: 'निओफोरजे-डीबी' ठेवलंत तर जोडरेषेचा अंडरस्कोर होईल, नाव पुन्हा त्याच उपपदाने सुरू होईल, आणि पुन्हा तेच. 'ग्राफ-निओफोरजे' चालेल. आणि तुमच्या नेमस्पेसमध्ये एखाद्या सहकाऱ्याने 'निओफोरजे-'ने सुरू होणारी वेगळीच सर्व्हिस उभी केली, तर तिचा फटकाही तुमच्या सर्व्हरला बसेल. म्हणून दोन्हींपैकी मी पहिलाच उपाय सुचवीन.

शेवटी दोन साधनं, जी प्रत्येकाने वापरावीत. पहिलं: निओफोरजेच्या ॲडमिन हत्यारात स्मृतीची शिफारस करणारा एक आदेश आहे. त्याला 'डॉकर' हा पर्याय दिला की तो शिफारस थेट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या रूपात छापतो, अंडरस्कोर जागच्या जागी. ते उचला, हाताने लिहू नका. आकडे मात्र कंटेनरला दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा: हीप आणि पेज कॅश यांची बेरीज त्या मर्यादेच्या बरीच आत राहिली पाहिजे, कारण जावाला याखेरीजही स्मृती लागते.

दुसरं: निओफोरजेच्या सायफर या क्वेरी-भाषेतला 'शो सेटिंग्ज' हा आदेश. त्यात 'इज एक्स्प्लिसिटली सेट' नावाचा एक स्तंभ मागता येतो. तो 'ट्रू' असलेल्या ओळी तेवढ्या गाळून घ्या. बाहेरून आलेली आणि सर्व्हरने खरोखर स्वीकारलेली सेटिंगं, त्यांच्या किमतींसह, तुमच्यासमोर येतात. ती यादी आणि तुमची कम्पोज फाइल शेजारी ठेवून वाचा.

बॅकअपच्या भागाआधी हे नक्की करून ठेवा. ज्या सर्व्हरचा डम्प आपण काढणार आहोत, तो कुठल्या सेटिंगांवर चालला आहे हे आपल्याला पक्कं माहीत असलं पाहिजे.