पद्मिनीचा गंज: लांबी भरू नका, पत्रा कापा

मागच्या भागात आपण कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो. त्यानंतर जे मेसेज आले त्यात इंजिनाबद्दल फारसं कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना पडला होता पत्र्याचा प्रश्न. एका श्रोत्याने तर फोटोच पाठवले. आजोबांची प्रीमियर पद्मिनी, रत्नागिरीजवळच्या गावात पडवीत उभी. दारांच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे आलेत. तिथला एक जण म्हणतो, "लांबी भरतो, कलर मारतो, आठ दिवसांत गाडी नवी करून देतो." त्याचा प्रश्न एवढाच, की देऊ का?

तर आजचा भाग त्यावर. गंजलेला पत्रा म्हणजे नेमकं काय झालेलं असतं, तो कसा शोधायचा, कसा दुरुस्त करायचा आणि 'आठ दिवसांत नवी' या वाक्याला एवढं घाबरायचं का. ऐकायला वेळ नसेल तर खाली सगळं लिहून दिलंय, आरामात वाचा.

आधी ही गाडी समजून घ्या

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी. गाडीचं मूळ डिझाइन इटलीच्या फियाट ११०० चं, म्हणून आपल्याकडे जुनी माणसं अजून तिला 'फियाट'च म्हणतात. १९६४ पासून ती इथे 'डिलाइट' नावाने आली आणि सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती जगभर ओळखली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्यात त्या बहुतेक कुणाच्या तरी घरच्या आहेत.

आता महत्त्वाचा मुद्दा. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी चासी असते आणि वर बॉडी ठेवलेली असते. पद्मिनीला तशी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. याला मोनोकॉक म्हणतात. फ्लोअरचा पत्रा, दाराखालची लांबट पोकळ पेटी म्हणजे सिल, खांब आणि छत हे सगळं एकमेकांना जोडून जो खोका तयार होतो, तोच गाडीचं वजन पेलतो. चाकांचं सस्पेन्शनसुद्धा त्यालाच टांगलेलं असतं.

म्हणजे बघा, मडगार्डला भोक पडलं तर गाडी फक्त वाईट दिसते. सिल गंजून पोकळ झाली तर गाडी मधोमध वाकू शकते, आणि अपघातात तुमच्या आणि समोरून येणाऱ्या धक्क्याच्या मध्ये काहीच उरत नाही. बाहेरून दोन्ही ठिकाणी दिसतो तो सारखाच एक फुगा. म्हणून 'कुठे गंजलंय' हा प्रश्न 'किती गंजलंय' याच्याइतकाच मोठा आहे.

फुगा बाहेर, आजार आत

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो. त्यात मीठ मिसळलं की काम झपाट्याने होतं, कारण खारं पाणी वीज जास्त चांगली वाहतं आणि गंजणं ही मुळात विजेची, म्हणजे विद्युत-रासायनिक क्रिया आहे. म्हणूनच घाटावरची गाडी आणि किनाऱ्यावरची गाडी एकाच वर्षाची असली तरी त्यांचा पत्रा सारखा नसतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. तो रंगाच्या खाली वाढतो, रंगाला वर ढकलतो आणि आपल्याला फुगा दिसतो. पण दाराच्या खालच्या कडेला किंवा सिलवर फुगा आला असेल, तर बहुतेक वेळा गंज बाहेरून आत गेलेला नसतो. तो आतून बाहेर आलेला असतो. दारात काचेच्या रबरातून पाणी उतरतं, तळाशी बारीक भोकं असतात त्यातून ते निघून जायला हवं. धूळ आणि पानांचा चिखल त्या भोकांत बसला की दार म्हणजे पाण्याची टाकी. वर्षानुवर्षं पत्रा आतून खाल्ला जातो आणि शेवटचा पातळ पापुद्रा उरला की बाहेर फुगा येतो. बाहेर रुपयाच्या नाण्याएवढं दिसत असेल, तर आत तळहाताएवढं आहे असं धरून चाला.

मोबाइल काढा, गाडीखाली घाला

तपासणीला वर्कशॉप लागत नाही. चार गोष्टी पुरतात.

एक, मोबाइल. टॉर्च चालू करून व्हिडिओ रेकॉर्ड करत हात गाडीखाली घाला: सिलच्या खालून, चाकांच्या कमानीच्या आतून, डिकीत स्टेपनी ठेवतात त्या खड्ड्यातून. मग सावकाश बघत बसा. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते स्क्रीनवर थांबवून दिसतं. आणि हो, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. हात घालायचा, डोकं नाही.

दोन, एक छोटं लोहचुंबक, पातळ फडक्यात गुंडाळून. ते पत्र्यावर फिरवा. जिथे पकड अचानक सुटते तिथे खाली लोखंड नाही, लांबी आहे.

तीन, बोटाची टिचकी. चांगला पत्रा खणखणतो. लांबी भरलेली जागा बद्द वाजते.

चार, जुना स्क्रू-ड्रायव्हर. फ्लोअर आणि सिलच्या खालच्या बाजूला त्याच्या टोकाने जरा दाबा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा नव्हताच, फक्त रंग आणि अंडरकोटिंग होतं.

फ्लोअर बघताना पायपुसण्या आणि त्याखालचं नमदं उचला. ओलं नमदं हा फ्लोअरचा सगळ्यात मोठा शत्रू. बॅटरीखालचा ट्रे विसरू नका, तिथे पाण्याबरोबर ॲसिडही सांडलेलं असतं.

गंजाच्या तीन अवस्था

पहिली, वरचा गंज. लालसर थर, घासला की खाली चकचकीत लोखंड. वायर ब्रश, घासपेपर, मग फॉस्फोरिक ॲसिड असलेला रस्ट कन्व्हर्टर. तो उरलेल्या गंजाचं लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतो. त्याच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन-पुसून, कोरडं करून इपॉक्सी प्रायमर. हे काम घरी जमतं.

दुसरी, खड्ड्यांचा गंज. पापुद्रे निघतात, पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. अंगठ्याने दाबून पत्रा लवतोय का बघा. कडक असेल तर खड्ड्यांच्या तळापर्यंत साफ करून वाचवता येतो. लवत असेल तर तो तिसऱ्या अवस्थेत मोजा.

तिसरी, आरपार. इथे कुठलंही रसायन, कुठलाही स्प्रे चालत नाही. गेलेलं लोखंड परत येत नाही. ते कापायचं आणि नवं बसवायचं. उपाय एवढाच.

कापणं आणि जोडणं

मी ज्या डेंटर उस्तादांकडे बसून हे काम शिकलो, त्यांचं म्हणणं असायचं की ठिगळ किती मोठं हे आपण ठरवत नाही, गंज ठरवतो. घासत जायचं, जिथे स्वच्छ, पूर्ण जाडीचा पत्रा लागतो त्याच्या थोडं पुढे रेघ मारायची आणि तिथून कापायचं. गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, नुसती भोकं पडतात.

मग पुठ्ठ्याचा फर्मा काढायचा. तो जागेवर लावून बघायचा, मगच नवा पत्रा कापायचा. पत्रा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, साधारण २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास. काही जण 'गंजणारच नाही' म्हणून जस्ताचा जीपी पत्रा देतात. त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ताप, थंडी भरते. घेतलाच तर कडेचं जस्त आधी घासून काढायचं, तोंडावर योग्य मास्क लावायचा आणि काम उघड्यावर करायचं.

ठिगळ वरून चिकटवायचं नाही. एकावर एक पत्रा ठेवून जोडला की मधल्या फटीत पाणी बसतं आणि गंजाची दुसरी शाळा सुरू होते. कडेला कड भिडवून, मध्ये साधारण पत्र्याच्या जाडीएवढी फट ठेवून जोडायचं. वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे मिग. रॉडचं वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला जाळून टाकतं. जुने कारागीर गॅसवर सुंदर काम करतात, पण त्यात उष्णता पसरते आणि ती सांभाळायला हात तयार लागतो.

सलग वेल्ड ओढायचा नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्ये, आणि प्रत्येक वेळी पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. घाई केली की पत्रा तापून लाटेसारखा उठतो आणि मग ती लाट झाकायला जाड लांबी लागते. टाके जुळले की ग्राइंडरने सपाट करायचं आणि हातोडी-डॉलीने आकार आणायचा.

सिल बदलताना एक गोष्ट आधी करायची. दाराच्या चौकटीत आडवा अँगल वेल्ड करून चौकट बांधायची, कर्णांची मापं घ्यायची, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. सिल काढल्यावर बॉडी झुकली आणि तशीच जोडली गेली, तर ती गाडी आयुष्यभर वाकडीच. दार बंद होणार नाही, काच तडकत राहील.

आणि सुरक्षितता. बॅटरी सोडवलेली, पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवलेली, सीट आणि नमदं बाहेर, आग विझवायचं सिलिंडर हाताशी. खालून जाणारे ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप कुठे आहेत ते आधी बघायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासताना मास्क हवाच. वेल्डिंगची सवय नसेल तर तयारी, फर्मे, घासणं तुम्ही करा आणि टाके जाणकाराकडून मारून घ्या. सिल आणि फ्लोअरवर तरी शिकाऊ हात नको.

मग लांबी वाईट का?

नाही हो, लांबी वाईट नाही. तिची जागा चुकते. चांगल्या पत्र्यावर, दोन-तीन मिलिमीटरच्या आत, ठोकल्यावर उरलेली उणीव भरायला ती बनलेली आहे. पण तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. भोकावर जाळी लावून लांबी थापली की ती मागच्या बाजूने ओल पिते आणि ती ओल उरल्यासुरल्या पत्र्याला भिडवून ठेवते. वरचा रंग मात्र चकाचक. एक-दोन पावसाळे निघतात, मग फुगा परत येतो, आणि या वेळी कापायला जागा दुप्पट लागते.

रत्नागिरीच्या मित्रा, म्हणून उत्तर 'नको' असं आहे. आधी त्या माणसाला तीन प्रश्न विचार: किती कापणार? कुठला पत्रा, कसलं वेल्डिंग? आणि लांबी भरण्याआधी मला बोलावून उघडा पत्रा दाखवणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो आनंदाने 'हो' म्हणेल त्याच्याकडे गाडी दे, मग तो जास्त दिवस आणि जास्त पैसे मागत असला तरी. पैसे कमी असतील तर रंग पुढच्या वर्षी कर. या वर्षी सिल आणि फ्लोअर. प्रायमरमधली मजबूत गाडी चमकणाऱ्या पोकळ गाडीपेक्षा कधीही बरी.

एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवतो. बॉडीवर कोरलेला चासी नंबर जिथे असेल तो तुकडा कापू किंवा घासू देऊ नका. पासिंगच्या वेळी तो कागदाशी जुळवला जातो. आणि गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण त्यासाठी ती मूळ रूपात असावी लागते. बॉडीचा सांगाडा फार बदलला तर तो हक्क अडचणीत येतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा.

शेवटचं काम, जे कुणी करत नाही

पत्रा बसला, प्रायमर झाला, रंग झाला. आता आतलं काय? वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो. जोडांवर सीलर भरा. सिलच्या आणि दारांच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारा. ते मेणासारखं पसरतं आणि फटीत शिरतं. तळाच्या भोकांवर मात्र ते साठू देऊ नका, तार घालून भोकं मोकळी करा. काचेचं कडक झालेलं रबर बदला. गंजावरच अंडरकोटिंग मारू नका, ओल आत कोंडते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीतही गाडी गुंडाळू नका, हवा खेळू द्या.

पाणी कुठून आलं ते सापडल्याशिवाय दुरुस्ती संपत नाही, एवढं लक्षात ठेवा. मिरगाच्या आधी एका रविवारी एक तार घ्या, चारही दारांची तळाची भोकं मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून बाहेर येतंय का बघा. खर्च शून्य.

तुमच्या गाडीखालचे व्हिडिओ पाठवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. पुढच्या आठवड्यात ब्रेक: ड्रम उघडायचे, लायनर बघायचे. तोवर भेटूच!